थेरियन: गुहेत एकावर एक गेलेल्या पॅसेजचा नकाशा काढायला फुकटात मिळणारं भारी सॉफ्टवेअर, पण दिसायला जुनाट

नागपुरात दगडाचं काम करणारे लोक कमी नाहीत, सेमिनरी हिल्सला जीएसआय म्हणजे भूवैज्ञानिक सर्वेक्षण, सिव्हिल लाइन्सला आयबीएम म्हणजे खाण ब्युरो, काटोल रोडला मॉईल ही मँगनीजच्या खाणींची कंपनी, त्यामुळे नकाशा म्हटलं की इथं प्रत्येकाला खाणीचा प्लॅन आठवतो. पण खाणीत लेव्हल माणसानं ठरवून पाडलेली असते, ही पहिली ही दुसरी, वेगळ्या लेव्हलचा वेगळा प्लॅन, संपलं. गुहेत तसं काही नसतं ना भाऊ, पाण्याला वाट सापडली तिकडे ते गेलं, पॅसेज म्हणजे गुहेतली वाट उतरत उतरत वळते आणि स्वतःच्याच खालून निघून जाते, आणि लेव्हल नेमकी कुठे बदलली हे कुठेच लिहिलेलं नसतं. वरून पाहिलेल्या प्लॅनमध्ये हे सगळं एकाच जागी येतं. गड्डीगोदामला खाली रस्ता, त्यावर रेल्वे, त्यावर फ्लायओव्हर आणि सगळ्यात वर मेट्रो, हे चारही एका कागदावर काढून दाखवा म्हटलं तर जी गिचमिड होईल तीच गिचमिड गुहेच्या नकाशात होते.

आमच्या ग्रुपकडे बस्तरकडच्या एका चुनखडीच्या गुहेच्या मोजमापांचा डेटा पडून होता, तीन ठिकाणी पॅसेज एकमेकांवरून जातात, आणि त्यासाठी मी थेरियन वापरून राह्यलो. हा रिव्ह्यू मुद्दाम फक्त त्या एका कामापुरता, म्हणजे ओव्हरलॅप होणाऱ्या लेव्हल नकाशात कशा दाखवता येतात, बाकी फीचरबद्दल लिहायला बसलो तर रात्र होईल.

आधी ओळख. थेरियन हे स्लोव्हाकियाच्या स्ताखो मुद्राक आणि मार्टिन बुदाय यांनी 1999 पासून बनवत आणलेलं ओपन सोर्स सॉफ्टवेअर, जीपीएल लायसन्स, एक रुपया लागत नाही. विंडोजच्या इन्स्टॉलरमध्ये सगळं येतं, उबुंटूवर तर पॅकेजच आहे. आत टेक आणि मेटापोस्ट हे छपाईची मांडणी आणि रेखाटन करणारे प्रोग्राम चालतात, त्यामुळे छापील नकाशा इतका देखणा निघतो की पाहणाऱ्याला वाटावं कुणा ड्राफ्ट्समननं बसून काढलाय. एक्सथेरियन नावाचा एडिटर सोबत मिळतो, त्याच्याबद्दल खाली बोलतो, दात ओठ खाऊन बोलतो.

थेरियनचा मूळ नियम असा की नकाशा स्क्रॅप नावाच्या तुकड्यांत काढायचा आणि एका स्क्रॅपमध्ये पॅसेजनं पॅसेजवर चढायचं नाही. बस. छोटी सरळ गुहा असेल तर अख्खी एका स्क्रॅपमध्ये बसते, मोठी असेल तर थेरियनच्या मॅन्युअलमध्ये साधारण 100 मीटर पॅसेजला एक स्क्रॅप असं सांगितलंय. पॅसेज स्वतःच्या खालून गेला की मधे कुठेतरी कापावंच लागतं, नाहीतर भिंतींची बाह्यरेषा स्वतःलाच कापते आणि रंग कुठेही भरला जातो. नव्या माणसाला हा नियम जाच वाटतो, काऊन एवढे तुकडे म्हणून. माझं मत उलटं आहे, याच नियमामुळे हे सॉफ्टवेअर घ्यावं, कारण पेन्सिल उचलायच्या आधीच तुम्हाला ठरवावं लागतं की वर काय आणि खाली काय. साध्या ड्रॉइंग सॉफ्टवेअरमध्ये माणूस आधी सगळं काढतो आणि शेवटी भिंती खोडत बसतो.

कापायचं कुठे हा मात्र खरा डोक्याचा भाग. बरेच जण उंचीवरून कापतात, म्हणजे अमुक मीटरच्या वर एक स्क्रॅप आणि खाली दुसरा, खाणीची सवय असलेले तर हमखास. उतरत्या पॅसेजला त्याचा काही उपयोग नाही, तिथे उंची बघायचीच नाही, कोण कोणाच्या डोक्यावर येतंय तेवढं बघायचं. दोन क्रॉसिंगच्या मधला अरुंद, साधा, खुणा कमी असलेला भाग शोधायचा आणि तिथे सुरी फिरवायची, कारण त्या जागी दोन स्क्रॅपच्या भिंती जॉइन कमांडनं शिवायच्या असतात आणि रुंद हॉलमध्ये ढिगाऱ्याच्या मधोमध शिवण आली की ती दिसते. उभ्या खड्ड्यातून खालच्या लेव्हलला उतरत असाल तर शिवायचा प्रश्नच नाही, वर खड्ड्याच्या कडेची रेष, तिच्यावरचे छोटे काटे खड्ड्याच्या बाजूला, आणि खालचा स्क्रॅप आपला स्वतंत्र.

स्क्रॅप झाले की मॅप नावाच्या ब्लॉकमध्ये त्यांची नावं लिहायची आणि मधे ब्रेक हा शब्द टाकायचा, ब्रेकच्या अलीकडचे एका लेव्हलला आणि पलीकडचे दुसऱ्या. हे सगळं साध्या टेक्स्ट फाइलमध्ये, त्यामुळे लेव्हल बदलायची म्हणजे एक ओळ वरची खाली करायची, चित्राला हात लावायचाच नाही!! कुठल्याही लेयरवाल्या सॉफ्टवेअरपेक्षा मला हे आवडलं ते इथेच. शिवाय प्रिव्ह्यू नावाची सोय आहे, वरच्या लेव्हलचा नकाशा काढताना खालच्या लेव्हलची नुसती बाह्यरेषा दाखव असं सांगता येतं, किंवा उलटं. फक्त एक गोम आहे, कोणता नकाशा काढायचा हे सांगणाऱ्या सिलेक्ट कमांडमध्ये जी मॅप-लेव्हल दिली त्याच लेव्हलच्या मॅपला प्रिव्ह्यू दिसतो, तेव्हा प्रिव्ह्यू गायब असेल तर आधी तिथे बघा, एडिटरला शिव्या नंतर द्या. फारच गर्दी असेल तर एखादी लेव्हल काही मीटर बाजूला सरकवून दाखवता येते, तिच्या मूळ जागी रेष राहते, तीन लेव्हल एकमेकांच्या मानेवर बसलेल्या असतील तिथे याला पर्याय नाही.

पारदर्शकता मुळातच चालू असते, 70 टक्के अपारदर्शक, म्हणजे खालचा पॅसेज वरच्यातून अंधुक दिसत राहतो. रंग उंचीप्रमाणे द्या किंवा मॅपप्रमाणे द्या. उंचीप्रमाणे दिला की उतरता पॅसेज हळूहळू रंग बदलतो आणि कोण कुठून खाली गेला ते लेजंड न वाचताही कळतं, मी सगळीकडे तोच ठेवतो. अ‍ॅटलस काढला तर प्रत्येक पानावर या पानाच्या वर कोणतं पान आणि खाली कोणतं हे बाणानं येतं, गुहेत पुस्तक घेऊन जाणाऱ्याला कामाचं.

आता रडगाणं. एक्सथेरियन टीसीएल-टीके या जुन्या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेला आहे आणि दिसतोही तसाच, विंडोज 98 च्या काळात गेल्यासारखं वाटतं. एकाच फाइलमध्ये दोन लेव्हलचे स्क्रॅप असले की दोन्हीच्या रेषा एकमेकांवर दिसतात आणि क्लिक करावं एकीवर तर उचलली जाते दुसरीच. उपाय म्हणजे लेव्हलप्रमाणे वेगळी फाइल ठेवायची, चार फाइली जास्त झाल्या तरी चालतील. रेषा कोणत्या दिशेनं काढली यावर काटे कोणत्या बाजूला येतील ते ठरतं, हे माहीत नसलेल्यानं काढलेला खड्डा बाहेरून आत उलटा दिसतो. पोट्टे इंकस्केपचं एक्स्टेन्शन वापरतात, त्यांना ते सोपं जातं, मला जुनंच बरं वाटतं.

पण ज्यासाठी मी हे सगळं सहन करतो ती गोष्ट म्हणजे लूप. खालचा पॅसेज फिरून वरच्याला मिळाला आणि सर्व्हेतली चूक सगळीकडे विभागली गेली की स्टेशनं म्हणजे मोजणीचे बिंदू थोडे सरकतात, आणि थेरियन चित्रही त्यांच्यासोबत ताणून नेतं, सगळ्या लेव्हलचं. हातानं काढलेल्या नकाशात हेच काम म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. फोनवर टोपोड्रॉइड हे गुहा मोजायचं अ‍ॅप वापरत असाल तर त्यातून थेट थेरियनच्या फाइली निघतात, स्केच मात्र लेव्हलप्रमाणे गुहेतच वेगळं करा, घरी कूलरसमोर बसून कोणती भिंत कोणाची हे आठवत नाही. शंका आलीच तर लॉच नावाच्या थ्रीडी व्ह्यूअरमध्ये गुहा फिरवून बघता येते, वर-खालीचा निकाल तिथे अर्ध्या मिनिटात लागतो.

छापायला देणार असाल तर पारदर्शकता बंद करून दुसरी पीडीएफ काढा. आपल्या इथल्या एका प्लॉटरवाल्याकडे पारदर्शक भाग सरळ करड्या ठोकळ्यासारखा छापून आला, खालची लेव्हल पूर्ण गायब, आणि ए-झिरोचे पैसे वर. प्रिव्ह्यूच्या रेषा तशाही छापल्या जातात, त्यामुळे कागदावर काही अडत नाही. आधी ए-फोरवर एक तुकडा काढून बघा म्हणा त्याला.