विश्रामबागचा योगनिद्रेचा क्लास, दोन महिन्यांचा अनुभव

सांगलीत विश्रामबागला एक मॅडम घराच्या वरच्या मजल्यावर संध्याकाळी ७ ते ८ शिथिलीकरण आणि योगनिद्रा घेतात, महिना ६०० रुपये, चटई आपली आपण न्यायची. दोन महिने जातेय, म्हणून मनापासून लिहितेय.

मी गावभागातली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा नदीवरच्या आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोका पातळी ४५ ची, त्यात आमचं खालचं घर सगळं गेलं आणि तेव्हापासून पाऊस लागला की माझे खांदे वर चढलेले ते चढलेलेच, रात्री दोन-दोनदा उठून कोयनेतून विसर्ग किती, पुलाला किती फूट झालं हे मोबाईलवर बघायचं, सकाळी जबडा ठणकतोय कारण झोपेतही दात आवळलेले. गोळ्या घेऊन झाल्या, तेवढ्यापुरतं बरं वाटायचं.

पहिल्या दिवशी मॅडमनी मूठ पाच-सात सेकंद आवळायला लावली आणि मग एकदम सोडायला सांगितलं, तसंच दंड, खांदे, कपाळ, जबडा, पोटऱ्या. ही पद्धत जेकबसन नावाच्या अमेरिकन डॉक्टरची, शंभरेक वर्षांपूर्वीची. आपण ताठ आहोत हेच आपल्याला कळत नाही, म्हणून आधी मुद्दाम आवळायचं, मग सैल म्हणजे काय ते अंगाला समजतं. त्यानंतर योगनिद्रा, म्हणजे उजव्या अंगठ्यापासून एकेका अवयवावर लक्ष फिरवत जायचं पण झोपायचं नाही.

मॅडमनी माझं मनगट उचललं आणि सोडून दिलं, तर हात तसाच हवेत राहिला!! त्या म्हणाल्या, "ताई, वजन माझ्याकडे द्या की, तुम्हीच कशाला धरून बसलाय?" मला तिथंच रडू आलं. तिसऱ्या आठवड्यात तोच हात धप्पकन चटईवर पडला, आणि त्या दिवशी घरी जाताना स्कूटीचं हँडल मी किती घट्ट धरते हे पहिल्यांदा लक्षात आलं. आता सिग्नलला थांबले की जीभ टाळूला चिकटलीय का, खांदे वर गेलेत का बघते आणि खाली सोडते. इतकं मोकळं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

हॉल लहान आहे, शनिवारी चटईला चटई लागते, बासरीची टेप जरा मोठी असते (सांगितलं की कमी करतात). कंबरदुखी असेल तर गुडघ्याखाली उशी घ्या, आणि बीपी असेल तर आधी सांगा, मॅडम जोरात आवळायला लावत नाहीत.

परवा पुलाची पातळी वाढायला लागली. कागदपत्रं, सिलेंडर, आईची औषधं वर नेऊन ठेवली, ते करायलाच हवं, मग मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून चटईवर आडवी झाले, उजव्या अंगठ्यापासून सुरू केलं आणि डाव्या खांद्यापर्यंत येईतो झोप लागली ती सकाळी साडेपाचला जाग आली.