करारात ‘ईडीआय’ची व्याख्या: मोकळी की घट्ट?

हॉटेलांना काजू-कोकम पुरवणारे आमच्यासारखे फोंड्याचे व्यापारी असोत की वेर्ण्याच्या कारखान्यांना खोकी देणारे, सगळ्यांपुढे हल्ली एकच मसुदा येतो: यापुढे ऑर्डर आमच्या सिस्टममधून थेट तुमच्या सिस्टममध्ये येईल, सही करा. सही करण्याआधी ‘ईडीआय’ची, म्हणजे इलेक्ट्रॉनिक डेटा इंटरचेंजची, व्याख्या देणारं कलम नीट वाचा. तिथे बहुधा दोनपैकी एक मजकूर असतो.

पहिला मोकळा: ‘कोणत्याही इलेक्ट्रॉनिक मार्गाने दिलेली माहिती.’ यात ईमेल आला, व्हॉट्सअ‍ॅपवरचा पीडीएफ आला, पोर्टलही आलं. सॉफ्टवेअर बदललं तरी कराराला हात लावावा लागत नाही. महिन्याला दहा-बारा ऑर्डरी येत असतील आणि त्या कुणीतरी वाचून नोंदवत असेल, तर एवढं पुरतं.

दुसरा घट्ट. संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार कायदा आयोगाच्या १९९६च्या नमुना कायद्यातली व्याख्या अशी, की ठरवून घेतलेल्या मानकानुसार रचलेली माहिती एका संगणकाकडून दुसऱ्या संगणकाकडे इलेक्ट्रॉनिक पद्धतीने जाणं म्हणजे ईडीआय. पीडीएफ इथे बाद होतो. आपल्या २०००च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या उद्देशिकेत ईडीआयचा उल्लेख आहे, पण व्याख्यांच्या कलमात त्याची व्याख्या नाही. म्हणून ती करारातच यायला हवी.

‘ठरवून घेतलेलं मानक’ या शब्दांची किंमत मला एका चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) तोंडावर कळली. शनिवारी रात्री एका हॉटेलची ऑर्डर आली: काजू, २४०. परिमाणाचा रकाना रिकामा. त्यांच्याकडे हिशेब पाकिटांचा, आमची सिस्टम खोकी मोजणारी, आणि एका खोक्यात २४ पाकिटं. सोमवारी सकाळी टेम्पो भरायला घेतला तेव्हा ड्रायव्हरनेच विचारलं, “एवढा माल एका हॉटेलाक?” हवी होती १० खोकी. करारात मोकळी व्याख्या होती, त्यामुळे रकाना रिकामा सोडणं ही चूक कुणाची, हे दाखवायला एक ओळही सापडली नाही. यूएन/एडिफॅक्टसारख्या (व्यापारी संदेशांसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या) मानकात आकड्याशेजारी परिमाणाच्या संकेताची जागा असते, पण ती भरलीच पाहिजे असं नसतं. ती सक्ती कराराच्या जोडपत्रात तुम्हीच लिहून घ्यायची.

घट्ट व्याख्येचा खर्चही आहे. मानकाची आवृत्ती बदलली की जोडपत्र बदला, चाचणी घ्या, सॉफ्टवेअरवाल्याचं बिल भरा. तरीही मूळ करारात व्याख्या आणि जोडपत्रात आवृत्ती व रकाने, ही विभागणी मला सर्वांत सोयीची वाटते. फक्त ‘खरेदीदार वेळोवेळी ठरवेल ते मानक’ हे शब्द दिसले तर खोडा. त्यात ठरवून घेणं उरतच नाही.

व्याख्या कोणतीही घ्या, माहिती तंत्रज्ञान कायद्याची तीन कलमं लागू होतातच. कलम ११ प्रमाणे आपण लावलेल्या सिस्टमने आपोआप पाठवलेला संदेशही आपलाच, म्हणून ‘संगणकाने पाठवलं’ ही सबब चालत नाही. कलम १३ प्रमाणे, वेगळं काही ठरलेलं नसेल तर, नेमून दिलेल्या संगणकात संदेश शिरला की तो मिळाला. शनिवारी रात्री दुकान बंद असलं तरीही. म्हणून कोणता सर्व्हर आणि कोणत्या वेळेनंतरची ऑर्डर दुसऱ्या दिवसाची, हे लिहा. कलम १२ पोचेबद्दल आहे. पोच म्हणजे संदेश मिळाला, ऑर्डर स्वीकारली असं नव्हे. मालाच्या होकाराचा संदेश वेगळा ठेवा.

इनव्हॉइसचं फार मनाला लावून घेऊ नका. वार्षिक उलाढाल ५ कोटींच्या वर असेल तर १ ऑगस्ट २०२३पासून व्यापाऱ्या-व्यापाऱ्यांमधल्या व्यवहारांना जीएसटीचं ई-इनव्हॉइस लागतं आणि त्याचा साचा सरकारनेच ठरवलाय.

मध्ये माणूस वाचणारा असेल तर मोकळी घ्या, नसेल तर घट्टच. आणि सहीच्या आधी खरेदीदाराकडून एक नमुना ऑर्डर मागवा, आपल्या सिस्टममध्ये चालवा आणि परिमाणाचा रकाना उघडून बघा.