साप पळवणारी पावडर : एक तारा, तोही मोरीपुरता

गुहागरजवळ आमची नारळ-सुपारीची वाडी. मेच्या शेवटी दगडी गडग्यापाशी फुरसं (छोटा, पण विषारी साप) दिसलं, म्हणून घाबरून ही पावडर मागवली. एक किलो, 449 रुपये. पाकिटावर फणा काढलेला नाग आणि 'वासाने साप 20 फूट लांब पळतो' असा दावा.

फोडलं तर डांबरगोळ्या आणि गंधकाचा भपकारा. पडवीभोवती पांढरी रेघ ओढली. घरातल्या सगळ्यांची डोकी उठली, मांजर दोन दिवस खळ्यात फिरकलं नाही. पाचव्या दिवशी सकाळी बघते तर त्याच रेघेवर धामणीची कात! पाच-साडेपाच फूट, मोजा उलटा काढावा तशी, डोळ्यांवरच्या पारदर्शक खपल्यांसकट शाबूत. बाईसाहेब पावडरीत अंग घासून, कात टाकून गेल्या होत्या.

मी फसले त्याला कारण आहे. साप वास घेतो हे खरंच. जीभ सारखी लवलवते ती हवेतले कण टाळूतल्या अवयवापर्यंत पोचवायला. मला वाटलं, वासावर जगणारं जनावर वासानेच जाईल. सासूबाई म्हणाल्या, "अगो, उंदीर आहेत तोवर ते येणारच. आधी ती सोडणं हलव." (सोडणं म्हणजे नारळाची सोललेली सालं.) कंपनीला फोन केला तर म्हणे, "पावसात पुन्हा टाका, मॅडम." आमच्याकडे मिरगाच्या पहिल्या पागोळ्यांतच रेघ वाहून गेली. किती वेळा टाकू?

शेवटी सोडणांचा ढीग उपसला. खाली उंदरांची दोन बिळं, आणि शेजारच्या चिऱ्याखाली पुन्हा फुरसं. जेमतेम फूटभर. वेटोळं करून कडेचे खवले एकमेकांवर घासत होतं, तापल्या कढईत वाळू परतावी तसा आवाज. सर्पमित्राने हुकाने उचलून बरणीत घातलं. म्हणाला, "काकी, हे अंडी नाही घालत, थेट पिल्लंच. आता चिरे हाताने उचलू नका." इंग्रजांनी इनाम लावून आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात फुरशी मारायला लावली होती, तरी ती संपली नाहीत. तिथे 449 रुपयांची काय कथा!

इथवर हसण्यावारी नेलं असतं. पण पाकिटामागे बारीक अक्षरात लिहिलंय, 'दंश झाल्यास जखमेवर चोळा'. फुरशाचं पान लागलं, म्हणजे ते चावलं, की रक्त गोठेनासं होतं. त्यावर उतारा एकच, दवाखान्यातलं प्रतिविषाचं इंजेक्शन, घोड्यांच्या रक्तापासून करतात ते. पावडर चोळत बसलेल्या माणसाचा गेलेला वेळ कंपनी भरून देणार आहे का? बाकी राहू दे, ती ओळ तेवढी आधी काढा.

फोडलेलं पाकीट परत घेत नाहीत. उरलेली पावडर मोरीच्या तोंडाशी टाकली. झुरळं जरा कमी झाली, म्हणून एक तारा.