स्क्रॅबलचे शब्द: लांबीने पाठ करावेत की अक्षराने?

यवतमाळकडच्या आमच्या गावात, कापूस वेचणी आटोपली की संध्याकाळी शाळेच्या ओसरीवर पोरं स्क्रॅबल मांडतात, म्हणजे अक्षरांच्या सोंगट्या पटावर जुळवून इंग्रजी शब्द करायचा खेळ. इंग्रजी सगळ्यांचं बेताचं. म्हणून पाठ करायला शब्दांची यादी कोणती द्यायची, यावर मी बराच विचार केला.

लांबीनुसार यादीत दोन अक्षरी शब्द आधी येतात. ते शंभराहून थोडेच जास्त आहेत. रोज पाच केले तर महिनाभरात होतात. पटावरच्या शब्दाला लागून समांतर शब्द लावला की शेजारशेजारच्या अक्षरांचेही शब्द व्हावे लागतात, तिथे हेच कामी येतात, आणि असा डाव एकदम दोन-तीन शब्दांचे गुण देतो.

अक्षरानुसार यादी, म्हणजे क्यूसारख्या एकेका अवघड अक्षराचे शब्द, अडचणीच्या वेळची. "मॅडम, यू नाई आला तं क्यूचं काय करू?" हा प्रश्न दर डावात येतो. क्यूचे 10 गुण, पण सोंगटी एकच. त्याला उत्तर क्यू-आय. शिवाय यू नसलेले फकीर आणि काझी इंग्रजी कोशात क्यू घेऊनच बसलेत, एफ-ए-क्यू-आय-आर, क्यू-ए-डी-आय. ओळखीचे शब्द पोरं विसरत नाहीत. जे-ओ-डब्ल्यू-ए-आर, म्हणजे आपली ज्वारी, चालते आणि 15 गुण देते हे कळलं तेव्हा ओसरीवर केवढा आनंद झाला!

सात अक्षरी याद्या मात्र आत्ता नकोत. हातातल्या सातही सोंगट्या एकदम लावल्या तर 50 जादा मिळतात खरे, पण तो पुढचा अभ्यास.

मी दोन अक्षरीच आधी देते. क्यू, झेड, जे, एक्सची यादी दुसऱ्या महिन्यात.