३६ इंची प्लॉटर वर्षभर वापरून: छपाईला तोड नाही, कनेक्शनने मात्र जीव खाल्ला

आमच्या दुकानात ३६ इंची प्लॉटर आहे, म्हणजे मोठ्या ड्रॉइंगचा रोलवाला प्रिंटर. सर्व्हिसवाल्याने परत व्हिजिट चार्ज लावला आणि परत तेच केलं. ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर) उडवला, नवा टाकला, टेस्ट प्रिंट काढली, चहा घेतला, गेला. रात्री लाइट गेली, सकाळी प्रिंटर 'ऑफलाइन'. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण शेजारच्या दुकानात दुसऱ्याच कंपनीचं मशीन आहे आणि रड तीच आहे.

आमच्याकडे आर्किटेक्ट आणि सर्व्हेअर लोकांचं काम असतं. रेषा बारीक येते, काळा दाट येतो, शाई सोडणाऱ्या हेडने अजून दगा दिलेला नाही. छपाईबद्दल तक्रार शून्य.

तक्रार आहे ती पोर्टची, म्हणजे कॉम्प्युटर ज्या वाटेने प्रिंटरशी बोलतो तिची. विंडोजने प्रिंटर आपणहून शोधून जोडला की बरेचदा 'डब्ल्यूएसडी' पोर्ट लावला जातो. हा पोर्ट नेटवर्कवर हाका मारून प्रिंटर शोधतो. ओ आली नाही की 'ऑफलाइन'. ठरावीक पत्त्यावर पाठवणारा साधा टीसीपी-आयपी पोर्ट लावला तरी राउटर बंद-चालू झाल्यावर प्रिंटरला नवा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) मिळू शकतो, आणि कॉम्प्युटर जुन्याच पत्त्यावर ड्रॉइंग पाठवत बसतो. यात ड्रायव्हरचा काय दोष? पण व्हिजिटची पावती फाटते ती ड्रायव्हरच्याच नावाने.

उपाय फुकट आहे. राउटरमध्ये जाऊन प्रिंटरच्या मॅक अॅड्रेसला (मशीनच्या ओळख क्रमांकाला) एक आयपी कायमचा बांधून टाका. मग प्रिंटर प्रॉपर्टीजमधल्या 'पोर्ट्स'मध्ये नवा 'स्टँडर्ड टीसीपी-आयपी पोर्ट' घ्या, तोच आयपी द्या, प्रोटोकॉल 'रॉ', पोर्ट नंबर ९१००. एवढं करूनही प्रिंटर चालू असताना ऑफलाइन दाखवत असेल, तर त्याच खिडकीतली 'एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड'ची (प्रिंटरची हालहवाल विचारत राहणाऱ्या सोयीची) खूण काढा. आमच्याकडे शेवटी ती खूणच नडत होती.

मध्यंतरी वैतागून यूएसबीवर आलो होतो. ते त्याहून वाईट. दुकानातल्या पोराने केबल दुसऱ्या सॉकेटमध्ये खुपसली की यादीत 'कॉपी १' नावाचा नवा प्रिंटर. मग कुठला जिवंत, कुठला मेलेला, हे रांगेतल्या गिऱ्हाइकासमोर शोधा. शिवाय यूएसबी २.० ची केबल ५ मीटरच्या पुढे भरवशाची नाही, आणि आमचं मशीन भिंतीपलीकडे.

आता कागदाचं. ४५ मीटरचा रोल, ए-झिरो आकाराच्या शीटची लांबी ११८९ मिमी, म्हणजे हिशोबाने सदतीस शीट निघायला हव्यात. निघत नाहीत. वायफायवर सॅटेलाइट इमेज घातलेलं ड्रॉइंग पाठवलं की डेटा मध्येच अडकतो, मशीन थांबतं, आणि मग कटर अर्धवट शीट शांतपणे कापून खाली टाकतो. जॉब कॅन्सल केला तरी कोरी पट्टी कापणारच! त्या पट्ट्या मी साठवतोय, मागच्या बाजूला बिलाचे हिशोब होतात. पण पैसे रोलचे गेले ते गेलेच.

पहिल्या सहा महिन्यांत कुणी विचारलं असतं तर 'घेऊ नका' म्हणालो असतो. वायफाय सोडून लॅन केबल (नेटवर्कची तार) टाकल्यापासून मत बदललंय. अर्धवट शीट जवळजवळ बंद झाल्या. जड पीडीएफ स्पूलमध्ये (छपाईच्या रांगेत) फुगून 'डिलीटिंग' वर अडकते, तेव्हा पोरगाच सर्व्हिसेसमध्ये जाऊन प्रिंट स्पूलर थांबवतो, सिस्टिम३२ मधल्या स्पूलच्या 'प्रिंटर्स' फोल्डरमधल्या फायली उडवतो आणि स्पूलर परत चालू करतो. तोवर गिऱ्हाईक खुर्चीतून उठतही नाही. ड्रायव्हर? तोच जुना आहे, हातही लावलेला नाही.

घ्यायचं असेल तर लॅन सॉकेट असलेलंच मॉडेल घ्या. नुसत्या वायफायवाल्याच्या नादी लागू नका, चार पैसे स्वस्त पडलं तरी. एएमसीच्या (वार्षिक देखभाल कराराच्या) रिन्यूअलचा फोन रोज येतोय. हेड गेलं तर तेव्हा बघू, आयपी बांधायला मी पैसे भरणार नाही.