कप की काटा?

संत्र्याचा केक एकदा मस्त फुलला, पुढच्या खेपेला विटेसारखा. रेसिपी तीच, ओव्हन तोच. घोळ मैद्याच्या कपात होता.

मैदा चमच्याने कपात हलकेच सोडून सुरीने सपाट केला, तर काट्यावर साधारण १२० ग्रॅम भरतो. तोच कप डब्यात खुपसून काढला की १४०-१५० ग्रॅमपर्यंत जातो. दोन कपांच्या केकमध्ये पाव कपाहून जास्त मैदा असाच घुसतो! त्यात बाजारातले कप कुठे २४० मिलीचे, कुठे २५०चे.

काट्यावर ही भानगडच नाही. भांडं ठेवा, शून्य करा, २४० ग्रॅम ओता. भांडीही कमी घासावी लागतात, माझ्यासाठी हेच मोठं.

साखरेला मात्र कप चालतो. ती मैद्यासारखी दबत नाही, कपाला साधारण २०० ग्रॅम. बेकिंग पावडर तर चमच्यानेच घ्यावी, घरगुती काट्याला एक-दोन ग्रॅम नीट कळत नाहीत.

आणि काटा असला तरी हवा मोजता येत नाही. नागपूरच्या मे महिन्यात कोरडा ठणठणीत असणारा मैदा जुलैत ओल धरतो. म्हणून पावसाळ्यात मी दोन चमचे दूध आधी बाजूला काढते, मिश्रण घट्ट वाटलं तरच घालते.