निकोटिन गम, साडेचार महिने: दाढेची कॅप निघाली म्हणून लिहायला बसलो

गेल्या आठवड्यात, सिगारेट सोडण्यासाठी घेतो तो निकोटिन गम चघळता चघळता मागच्या दाढेची कॅप निघाली. आधी वाटलं खडा लागला. हातावर काढून पाहतो तर गमच्या गोळ्यात रुतून बसलेली कॅप, चकचकीत. डेंटिस्टनी ती परत चिकटवून दिली आणि वर विचारलं, "कॅप आहे, कवळी आहे, अशांनी हा गम जपून खायचा असतो. पाकिटावरचं वाचलं नाहीत का?" नव्हतं वाचलं. घरी येऊन पहिल्यांदा वाचलं, आणि साडेचार महिन्यांत आपण काय काय चुकीचं केलं त्याची यादीच सापडली.

एका गोळीत निकोटिन 2 मिलिग्रॅम हवं की 4, हे आधी ठरवायचं असतं. उठल्यापासून अर्ध्या तासात पहिली सिगारेट पेटवत असाल तर 4. मी दात घासायच्या आधी पेटवणारा, तरी घेतली 2. वर कात्रीने एकेका गोळीचे दोन तुकडे केले, म्हणजे पाकीट दुप्पट पुरेल! वीस वर्षं रोजचं पाकीट जाळताना कधी हिशेब केला नव्हता, सोडताना मात्र काटकसर सुचली.

परिणाम तिसऱ्या दिवशी दिसला. अंगातलं निकोटिन निम्मं व्हायला साधारण दोनच तास लागतात. दोन-तीन दिवसांत तलफ आणि चिडचिड ऐन भरात येतात, आणि माझे अर्धे तुकडे त्यापुढे किस झाड की पत्ती. ऑफिसात प्रिंटरमध्ये कागद अडकला, तर मी प्रिंटरशी भांडलो. मोठ्याने, नावं ठेवून. त्याच रात्री या गमला एक तारा देऊन लिहिलं होतं, "रबर चघळल्यासारखं वाटतं, उपयोग शून्य." ते आता मागे घेतोय, पण सगळं नाही.

कारण फॉईल. हे बनवणाऱ्याने आयुष्यात एकदा तरी सिगारेट सोडून बघायला हवी होती. आधी एक गोळी पट्टीपासून फाडायची, मग कोपऱ्यातून कागदी थर सोलायचा, मग अंगठ्याने दाबून बाहेर काढायची. लहान मुलांच्या हाती लागू नये म्हणून असतं, मान्य. पण हात थरथरत असताना तो कोपरा नखाला लागतच नाही. एकदा जिन्यात उभा राहून दातांनी फाडायला गेलो, तर गोळी उडून थेट खालच्या मजल्यावर. मी खाली गेलो. शोधली. पुसली. पुढचं विचारू नका.

दुसरी तक्रार उचक्यांची. पहिले दहा दिवस गोळी तोंडात टाकली की पाच मिनिटांत उचकी. बायको म्हणायची, "कोण आठवण काढतंय एवढी?" आता सिगारेटच काढत असणार, दुसरं कोण! चूक माझी होती. मी साध्या च्युइंगमसारखं कचाकचा चघळत होतो. तसं केलं की निकोटिन लाळेबरोबर पोटात जातं आणि उचकी, जळजळ, मळमळ. हळू चावायचं, जीभ चुरचुरायला लागली की थांबायचं आणि गोळी गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायची. चुरचुर गेली की पुन्हा दोन-चारदा चावायचं. असं अर्धा तास. हे जमल्यावर उचक्या गेल्या.

खरी गंमत वेळेची आहे. धुरातलं निकोटिन दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोचतं, गमचा जोर यायला वीस-तीस मिनिटं लागतात. तलफ तर काही मिनिटांतच ओसरते. म्हणजे तलफ आली की गोळी शोधायची (आणि फॉईलशी झुंजायचं) हे वरातीमागून घोडं. तिसऱ्या आठवड्यात अख्खी 4 मिलिग्रॅमची गोळी घड्याळ लावून दर दीड तासाने सुरू केली, तलफ असो वा नसो. तेव्हा कुठे हे काम करतं असं वाटलं. मधे एकोणिसाव्या दिवशी एक सिगारेट ओढली. डोकं गरगरलं, अर्धी विझवली, आणि खरं सांगतो, अर्धी वाया गेल्याचं वाईट वाटलं.

कॉफीचंही सांगून ठेवतो. तोंडात आंबटपणा असला की गालातून निकोटिन नीट शोषलं जात नाही, म्हणून गोळीच्या पंधरा मिनिटं आधीपासून ती संपेपर्यंत पाण्याशिवाय काही नको. मी कॉफीच्या घोटाबरोबर चघळायचो. शिवाय धुरामुळे यकृत कॅफीन भराभर मोडत असतं. धूर बंद झाला की तेच चार कप अंगात जास्त वेळ राहतात. झोप उडाली, छाती धडधडते, म्हणून मी पंधरा दिवस निकोटिनच्या नावाने बोटं मोडली. कॉफी दोन कपांवर आणली आणि तिसऱ्या रात्री झोप लागली.

सिगारेट सोडल्यावर बद्धकोष्ठ, तोंड येणं, सारखी भूक हेही होतं. माझं तरी गमने त्यातलं काही थांबलं नाही. हातांना काय काम द्यायचं हा प्रश्नही सुटत नाही, मी पेनांची टोपणं चावून संपवली.

तारे साडेतीन. एक कॅपने नेला, अर्धा फॉईलने. कॅपचा दोष निम्मा माझा, पण पूर्ण तारा कापतोय, कारण डेंटिस्टची फी मी भरली.

बारा आठवड्यांत हळूहळू बंद करायचं असतं, मी लांबवलं. उघडलेलं पाकीट टाकवत नव्हतं, दुसरं काय. आता कॅपची बाजू सोडून रोज एकच, दुपारच्या जेवणानंतर. पट्टीत सात गोळ्या उरल्यात. कुणाला देता येत नाहीत, टाकवत नाहीत. मुदत बघितली, अजून वर्षभर आहे.